आजारी जनावर घरी आणताना

मुंबईत भुलेश्वरच्या दाट वस्तीत पांजरपोळ नावाचा भाग आहे. ज्या संस्थेवरून त्याला हे नाव पडले, तिचा उगम कुत्र्यांच्या प्रश्नात आहे हे थोड्यांनाच ठाऊक असेल. १८३२ साली मुंबई सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. बक्षिसाच्या लोभाने घरांच्या आवारातली कुत्रीही धरली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व. अंत्यविधीतही त्याला स्थान आहे. त्या वर्षीच्या जून महिन्यात पारशी मंडळी खवळून उठली, त्यांना जैन व हिंदू व्यापाऱ्यांची साथ मिळाली, दुकाने बंद पडली आणि शहरात दंगा झाला. पुढे दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाई, शेठ मोतीचंद अमीचंद प्रभृतींनी मुंबईची पांजरपोळ स्थापन केली. मारू नका म्हणणाऱ्यांनीच मग पोसण्याचा भार उचलावा, हा त्यातला सरळ न्याय होता.

पांजरपोळीची कल्पना अशी की जनावर एकदा आत आले की मरेपर्यंत ते तिथेच राहावयाचे. आजच्या प्राण्यांच्या आश्रयगृहाची कल्पना याहून निराळी आहे. लंडनमध्ये १८६० साली मेरी टिल्बी या बाईंनी हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी एक घर काढले. तेच पुढे बॅटरसी येथे हलले आणि १८८३ पासून तेथे मांजरेही घेऊ लागले. या प्रकारच्या संस्थेत जनावर कायमचे राहावे अशी अपेक्षाच नसते. ते यावे, बरे व्हावे आणि कोणाच्या तरी घरी जावे. म्हणजे पांजरपोळीला एक दार, तर आश्रयगृहाला दोन. आणि दुसरे दार जर उघडले नाही, तर आश्रयगृहाचीही हळूहळू पांजरपोळच होते.

आपल्याकडे नेमके हेच घडते, आणि ते का घडते हे समजून घेण्याजोगे आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांविषयी केंद्र सरकारने २००१ साली नियम केले व २०२३ साली ते नव्याने काढले. त्यांचे मूळ तत्त्व असे की कुत्रे धरावे, त्याचे निर्बीजीकरण करावे, त्याला पिसाळरोगाची लस टोचावी आणि जिथून आणले तिथेच परत सोडावे. तेव्हा धडधाकट कुत्रे काही दिवसांत संस्थेबाहेर पडते. मागे कोण उरते? ज्याचे मागचे दोन्ही पाय मोटारीखाली लुळे पडले ते. ज्याला दिसत नाही म्हणून रहदारीत सोडता येत नाही ते. ज्याला दिवसातून दोन वेळा गोळी दिली नाही तर फेफरे येते ते. अर्थात आश्रयगृहातील कायमचे रहिवासी म्हणजे बहुतांशी आजारी व अपंगच असतात. त्यातच २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा, इस्पितळे, बसस्थानके अशा आवारांतून उचललेली कुत्री पुन्हा तेथे सोडू नयेत असा आदेश दिला. त्यामुळे जागेची ओढाताण आणखीच वाढावयाची. एक आंधळे कुत्रे एका पिंजऱ्यात आठ वर्षे राहिले, तर त्या आठ वर्षांत तो पिंजरा रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणत्याही जखमी जनावराला मिळत नाही. म्हणून अशा एका जनावराला घर मिळणे याचा अर्थ दोन जिवांची सोय होणे असा आहे.

हे ऐकून कोणाचेही मन द्रवेल. परंतु मन द्रवणे आणि घर तयार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आज सांगावयाचे आहे ते त्या फरकाविषयी. दयेने आणलेले जनावर दयेवर जगत नाही. ते घड्याळावर जगते. दया सकाळी दाटून येते, संध्याकाळी ओसरते. इन्सुलिनची सुई मात्र सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा द्यावी लागते. म्हणून अशा प्राण्याची निवड करताना त्याचा आजार किती करुण आहे हे पाहण्यापेक्षा तो आपल्याकडून रोज काय मागणार आहे हे पाहणे शहाणपणाचे. या दृष्टीने पाहिले तर या सर्व प्राण्यांचे चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग, ज्यांचा आजार संपला आहे, खूण मात्र उरली आहे, अशांचा. तीन पायांचे कुत्रे, एका डोळ्याचे मांजर, पूर्ण आंधळे किंवा बहिरे जनावर, ही सारी या वर्गातली. कुत्र्याच्या देहाचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यामुळे मागचा एक पाय गेला तर त्याचे विशेष अडत नाही, पुढचा गेला तर थोडे अधिक जड जाते. दोन्ही बाबतींत नियम एकच : वजन वाढू देऊ नये आणि गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा रबरी पट्टी अंथरावी. आंधळे कुत्रे नाकाने व कानाने घराचा नकाशा पाठ करते. आपण फक्त दिवाणखान्यातील कोच वारंवार हलवू नये आणि जिन्याला फाटक लावावे. बहिऱ्या कुत्र्याला हाताच्या खुणा शिकविता येतात, मात्र झोपेत त्याला मागून एकदम हात लावू नये. दचकून ते चावेल. आणि आंधळे असो वा बहिरे, रस्त्यावर त्याला साखळीशिवाय कधीही सोडू नये.

याच वर्गात मोडणारे एक मजेदार पिल्लू आश्रयगृहांत अधूनमधून दिसते. ते चालताना दारुड्यासारखे झोकांड्या खाते, दुधाच्या वाटीवर नेम धरते आणि नाक वाटीशेजारी आपटते. पाहणाऱ्याला वाटते, याचा मेंदू झिजत चालला असावा. वस्तुतः ते पोटात असताना त्याच्या आईला मांजरांचा एक विषाणुज आजार झालेला असतो व त्यामुळे तोल सांभाळणारा लहान मेंदू पुरता वाढलेला नसतो. हा दोष वाढत नाही, दुखत नाही, दुसऱ्याला लागत नाही. असे मांजर घरातच ठेवले व त्याला उंचावर चढू दिले नाही, तर ते आपल्या डुलत्या चालीने पुरे आयुष्य काढते. त्याला औषध लागत नाही. लागते ती थोडी विनोदबुद्धी.

दुसरा वर्ग दिसायला भयंकर, परंतु बऱ्या होणाऱ्या आजारांचा. लूत भरलेले कुत्रे पाहून माणसे नाकाला पदर लावतात. अंगावर केस नाही, कातडी हत्तीसारखी जाड, सर्वत्र खाज आणि वास. परंतु लूत ही सूक्ष्म किड्यांमुळे होते आणि अलीकडे निघालेल्या गोळ्यांनी ती आटोक्यात येते. काही महिन्यांत त्याच कुत्र्याला नवे केस येतात आणि पूर्वीचे ओळखणारेही त्याला ओळखीत नाहीत. तिच्या एका प्रकाराने माणसालाही काही काळ खाज सुटू शकते, एवढ्यासाठी उपचार पुरा होईपर्यंत जपावे. मोकाट कुत्र्यांच्या जननेंद्रियावर रक्ताळलेली गाठ होते. तीही कर्करोगाचीच एक जात असून समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. नाव ऐकूनच आपण मागे सरतो, पण व्हिन्क्रिस्टीन नावाच्या औषधाची आठवड्याला एक याप्रमाणे काही इंजेक्शने दिली असता यातील बहुतेक गाठी समूळ विरघळतात. गोचिडांमुळे येणारा ताप आपल्या हवेत नित्याचा आहे. त्याचे काही प्रकार डॉक्सिसायक्लिनच्या सुमारे महिनाभराच्या उपचाराने हटतात, काही अधिक चिवट असतात. त्यानंतर मात्र गोचीड अंगावर न होऊ देण्याची खबरदारी जन्मभर घ्यावी लागते. तात्पर्य, या वर्गातील जनावराला आपले काही महिने हवे असतात, आयुष्य नव्हे. आणि तरीही दिसण्यामुळे तेच सर्वांत शेवटी निवडले जाते.

तिसरा वर्ग याच्या अगदी उलट. येथे डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि काम मात्र रोजचे. मधुमेह झालेले मांजर दिसायला तुकतुकीत असते. फक्त पाणी फार पिते व लघवी फार करते. त्याला बहुधा बारा-बारा तासांनी इन्सुलिन टोचावे लागते. सुई बारीक असते, मानेजवळची सैल कातडी चिमटीत धरून ती देता येते, आणि बहुतेक माणसे आठवड्याभरात ती कला शिकतात. काही मांजरांचा मधुमेह लवकर उपचार व योग्य आहार मिळाल्यास इतका शमतो की इन्सुलिन थांबविता येते. कुत्र्यांच्या बाबतीत सहसा तसे होत नाही, शिवाय मधुमेही कुत्र्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू लवकर होतो. येथे धोक्याच्या दोन जागा लक्षात ठेवाव्यात. आपल्याकडे इन्सुलिन दोन तीव्रतांत मिळते, एका मिलिलिटरमध्ये चाळीस एकके आणि शंभर एकके. दोहोंच्या सिरिंजही वेगळ्या असतात, चाळिसाच्या लाल टोपणाच्या व शंभराच्या नारिंगी टोपणाच्या. त्यांची अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पटींनी चुकते. आणि जनावराने अन्नाला तोंड लावले नसेल तर नेहमीची सुई न टोचता आधी डॉक्टरांना विचारावे. साखर फार उतरली तर ते लडखडते, मलूल होते. अशा वेळी हिरड्यांना ग्लुकोजचे पाणी किंवा मध चोळून तातडीने दवाखाना गाठावा.

या इन्सुलिनमागे एक ऋणही आहे. १८८९ साली मेरिंग व मिन्कोव्हस्की या शास्त्रज्ञांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह जडलेला दिसला आणि या रोगाचे मूळ स्वादुपिंडात आहे हे प्रथम कळले. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क टोचून पाहिला तोही कुत्र्यांवरच, आणि पुढच्याच वर्षी जानेवारीत तो चौदा वर्षांच्या एका मुलाला दिला गेला. आपल्या घराघरांतील मधुमेही आजी-आजोबा आज नातवंडांची लग्ने पाहतात, ती त्या प्रयोगशाळेतील कुत्र्यांच्या जिवावर. तेच औषध आज आपण एखाद्या कुत्र्याला टोचले, तर त्यात उपकार थोडा आणि परतफेड अधिक आहे.

फेफऱ्याचे कुत्रे याच वर्गातले. त्याची गोळी वेळेवर दिली गेली तर बहुतेक दिवस ते इतरांसारखेच खेळते. गोळी मनाने एकदम बंद केली, तर झटके पूर्वीपेक्षा जोरात येतात. झटका आलाच, तर तोंडात बोट किंवा चमचा घालू नये. कुत्र्याची जीभ घशात जात नाही, आपले बोट मात्र जाते. आजूबाजूचे सामान हलवावे, दिवा मंद करावा आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांपलीकडे गेला, किंवा एकामागून एक येऊ लागले, तर ती आणीबाणी समजावी. प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ आणि अवधी वहीत टिपून ठेवला, तर डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग कित्येक तपासण्यांहून अधिक होतो. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा विकार फार आढळतो. त्याची लक्षणे दिसू लागतात तेव्हा मूत्रपिंडाचा मोठा भाग आधीच निकामी झालेला असतो. तरी योग्य आहार, भरपूर पाणी आणि लागल्यास घरीच कातडीखाली द्यावयाचे सलाईन यांवर पुष्कळ मांजरे महिनोन् महिने, काही तर वर्षानुवर्षे, समाधानाने राहतात.

मांजरांच्या दोन विषाणुज विकारांविषयी थोडे वेगळे सांगितले पाहिजे, कारण त्यांच्या नावानेच लोक घाबरतात. १९८६ साली कॅलिफोर्नियात मांजरांमध्ये एक विषाणू सापडला. तो माणसाच्या एड्सच्या विषाणूच्या कुळातला असल्यामुळे त्याला मांजरांचा एड्स असे नाव पडले. तो माणसाला लागत नाही. मांजरांतही तो मुख्यतः खोल चाव्यातून पसरतो. म्हणजे रात्री-अपरात्री भांडणाऱ्या बोक्यांत अधिक. निर्बीजीकरण झालेले, घरातच राहणारे व न भांडणारे असे मांजर इतर मांजरांबरोबर राहू शकते आणि पुष्कळदा जवळजवळ पुरे आयुष्य जगते. लहान पिल्लाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिद्रव्ये असल्यामुळे तपासणी फसवी ठरू शकते. ती सहा महिन्यांच्या वयानंतर पुन्हा करावी. दुसरा विषाणू १९६४ साली ग्लासगोत जॅरेट यांनी शोधला. तो मांजरांच्या रक्ताचा कर्करोग घडवितो व लाळेतून, एकमेकांना चाटण्यातून, एका ताटलीत खाण्यातून पसरतो. असे मांजर जेथे दुसरे मांजर नाही अशाच घरी द्यावे. दोन्ही विकारांची मांजरे संस्थेत मागे पडतात, परंतु त्यांना हवी असलेली घरे सारखी नाहीत.

चौथा वर्ग आजार दिसतोही आणि कामही रोजचे, अशांचा. मणक्याला मार लागून मागील धड लुळे पडलेले कुत्रे हे त्याचे उदाहरण. त्याच्यासाठी दोन चाकांची गाडी मिळते. नळकांड्या जोडून ती घरीही करता येते, आणि गाडी बांधली की ते कुत्रे इतके जोरात पळते की मालकालाच धाप लागावी. पण गाडी हा या कथेचा शोभिवंत भाग झाला. खरे काम गाडीबाहेरचे. पुष्कळदा अशा कुत्र्याला आपण होऊन लघवी करता येत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोटावरून हलक्या हाताने दाबून मूत्राशय रिकामे करावे लागते. ते राहिले तर लघवीत जंतू होतात आणि विकार मूत्रपिंडापर्यंत चढतो. एकाच कुशीवर पडून राहिल्याने जखमा होतात, म्हणून कूस बदलावी लागते, अंथरूण कोरडे ठेवावे लागते. हे सारे पशुवैद्याकडून हातात हात घेऊन शिकून घ्यावे. वाचून जमणारे हे काम नाही. घरात अंथरुणाला खिळलेल्या वडीलधाऱ्यांची सेवा ज्यांनी केली आहे, त्यांना यातले बरेचसे आधीच येत असते.

या चारही वर्गांबाहेर एक रोग आहे. पिसाळरोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की जनावर वाचत नाही आणि माणूसही जवळजवळ कधीच वाचत नाही. तेथे दत्तक घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नव्याने आणलेल्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला ही लस टोचलेली आहे याचा कागद पाहून घ्यावा. कोणी चावले वा ओरखडले, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. घरात गरोदर स्त्री असेल तर मांजराची वाळूची थाळी दुसऱ्या कोणी तरी आणि रोजच्या रोज साफ करावी. मांजराच्या विष्ठेतून जाऊ शकणारा एक परजीवी ताज्या विष्ठेत लगेच संसर्ग करू शकत नाही, त्याला निदान एक दिवस लागतो. एवढ्या खबरदारीने घरातले मांजर घरातच राहू शकते.

आता हिशेब घराचा. आपल्या धर्मशास्त्रात दत्तक घेत तो वंश चालावा, आपल्यामागे पिंड मिळावा म्हणून. दत्तक घेणाऱ्याला त्यातून काही मिळावयाचे असे. येथे तो व्यवहार उलटा आहे. त्यामुळे चार प्रश्न कुटुंबाने एकत्र बसून स्वतःला विचारावेत. पहिला वेळेचा : औषधाच्या ठरलेल्या वेळी घरात कोण असते? दुसरा हातांचा : ते न झाल्यास दुसरे कोण देईल? एकच माणूस जाणकार असेल, तर तो तापाने आडवा झाला त्या दिवशी दोघेही आजारी पडतात. तिसरा पैशाचा : औषधाच्या दरमहा खर्चाबरोबर रक्त-लघवीच्या तपासण्या आणि वर्षाकाठी एखादा अकल्पित खर्च धरला आहे काय? चौथा प्रश्न सणासुदीचा आहे, आणि तोच बहुधा विसरला जातो. मे महिन्यात गावी जावयाचे, मुलीचे लग्न निघाले, दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने कुत्रे बिथरले, अशा वेळी काय? या चारांपैकी एकाचे जरी उत्तर ‘बघू तेव्हा’ असे आले, तर रोजच्या औषधाचे जनावर आणू नये. पहिल्या वर्गातले, तीन पायांचे किंवा एका डोळ्याचे आणावे. आपल्या कुवतीत बसणारे जनावर निवडणे यात कमीपणा नाही; न पेलणारे आणून दोन महिन्यांनी परत नेऊन सोडणे यात मात्र त्या जनावराचे दुसऱ्यांदा उखडणे आहे.

प्रेमाची रीतही थोडी नव्याने शिकावी लागते. कोरडी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा महाराष्ट्रात मुलाबाळांना ठाऊक आहे. तिच्यातला भाव शिरसावंद्य. वाटी मात्र आजारी कुत्र्यापुढे ठेवू नये. स्निग्ध पदार्थ अतोनात खाऊन कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते व ती जिवावर बेतते. तीच गोष्ट आपल्या घरच्या औषधांची. मांजराला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी दिली जाते. मांजराच्या यकृताला ते औषध पचवून बाहेर टाकता येत नाही, आणि एक गोळीदेखील त्याचा प्राण घेऊ शकते. आयब्युप्रोफेन कुत्र्याला विषासमान आहे. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे परमेथ्रिनयुक्त औषध मांजराला लावले तर त्याला झटके येऊन ते दगावू शकते. माणसाचे जनावराला व कुत्र्याचे मांजराला, असे औषध कधीही देऊ नये.

कर्तव्य एका बाजूचेच नाही. आश्रयगृहानेही जनावराची खरी हकिगत सांगितली पाहिजे : रोग कोणता, कधी कळला, औषध कोणते व किती, शेवटची तपासणी केव्हा झाली, ते कोणाला चावले आहे काय. घर मिळावे या उमाळ्याने आजार झाकला, तर ते जनावर परत येते आणि येताना त्या घराचे दार पुढच्या जनावरासाठी बंद करून येते. पुष्कळ संस्था काही आठवडे जनावर सांभाळावयास देतात. रोजच्या औषधाच्या बाबतीत ही रीत उत्तम. त्या आठवड्यांत दोन्ही बाजूंना एकमेकांचा अंदाज येतो.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. माणसांना औषधपाणी मिळत नाही, तेथे कुत्र्या-मांजरांना इन्सुलिन कशाला? याचे उत्तर असे की कोणाच्याही घरचा मांजरावरील खर्च वाचला म्हणून तो आपोआप शेजारच्या गरिबाच्या औषधाकडे वळत नाही. वळवावयाचा असेल तर तो आजही वळविता येतो, आणि वळवावा. शिवाय कुत्र्यांना टोचलेली लस ही माणसांच्याही आरोग्याची तटबंदी आहे. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्य थांबविण्यासाठी मंडळी स्थापन झाली आणि पुढे परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून बाई साकराबाईंच्या नावाने जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. पेटिट घराण्याने माणसांकडे पाठ फिरवून ते केले नाही. माणसांसाठीही त्यांचे दान प्रसिद्ध आहे. ज्यांचा हात एकीकडे सैल असतो, त्यांचा बहुधा दुसरीकडेही असतो.

शेवटची गोष्ट शेवटाविषयीच. अशा प्राण्यांपैकी काहींचा सहवास थोडाच असतो. मूत्रपिंड थकलेले म्हातारे मांजर आणताना, हे वर्ष-दोन वर्षांचे पाहुणे आहे असे मुलांना आधीच सांगावे. आणि जेव्हा औषध चालेनासे होते, अन्न जात नाही, वेदना शमत नाहीत, तेव्हा पशुवैद्याच्या सल्ल्याने त्याला शांतपणे झोपविणे हाही सेवेचाच भाग आहे. असाध्य यातनांतील जनावराबाबत तशी मुभा कायद्यातही आहे. त्यासाठी एक साधी खूण उपयोगी पडते. त्याच्या आवडीच्या तीन गोष्टी आरंभीच लिहून ठेवाव्या : खिडकीतले ऊन, संध्याकाळचा फेरफटका, घरच्या माणसाच्या पायाशी बसणे. तिन्ही नाहीशा झाल्या, की निर्णयाची वेळ जवळ आली.

ज्यांच्या मनात हे करावे असे आले असेल, त्यांनी पहिल्या भेटीत काही ठरवू नये. रविवारी दुपारी सगळेच जातात. त्या वेळी पिल्ले खेळत असतात आणि निवड डोळे करतात. आपण साध्या वारी जावे, आणि तेथील सेवकाला विचारावे की येथे सर्वांत जुने कोण, आणि त्याच्या औषधाची वेळ कोणती. मग त्या वेळी पुन्हा जावे. औषध कसे दिले जाते ते पाहावे, जमल्यास एकदा आपल्या हाताने द्यावे. असे सात दिवस, त्याच ठरलेल्या वेळी, आपण न चुकता जाऊ शकलो, तर आपल्या घरात त्या जनावराला जागा आहे असे खुशाल समजावे.